कप्तान विठ्ठल



मास्तरांच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानमालेत उभं राहायचं म्हणजे माझ्यासारख्या टूलरूममधल्या माणसाला जरा अवघडच. रात्रशाळेत मास्तर आम्हाला इतिहास शिकवायचे. फर्स्ट शिफ्ट करून आलेला एखादा बाकावर डुलक्या घ्यायला लागला, की मास्तर त्याला उठवत नसत. मधूनच क्रिकेटचा विषय काढत, आणि तो आपोआप जागा होई. आज मीही तीच युक्ती करणार आहे. साडेआठ वाजलेत, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना उद्या फर्स्ट शिफ्ट आहे, हे मला माहीत आहे.

मागच्या महिन्यात चाकणहून पीएमपीच्या बसने परत येत होतो. शेजारी विशीतला एक पोरगा बसला होता. गळ्यात कंपनीचं कार्ड, पायात सेफ्टी शूज, आणि युनिफॉर्म सॅकमध्ये कोंबून अंगात लाल जर्सी. छातीवर तोफ. मी विचारलं, "ही तोफ कसली रे?" तो म्हणाला, "काका, आर्सेनल." म्हटलं, नाव कळलं, पण फुटबॉलच्या क्लबला तोफ कशाला? तो हसला. "लोगो आहे त्यांचा." मोशी येईपर्यंत त्याने मला त्या क्लबच्या प्रत्येक खेळाडूची किंमत सांगितली, तीही कोटींत. तोफेचं मात्र राहून गेलं.

आर्सेनल म्हणजे शस्त्रागार, दारूगोळ्याचा कारखाना. लंडनजवळ वूलिच नावाच्या गावात सरकारी तोफखान्याचा मोठा कारखाना होता. तिथल्या डायल स्क्वेअर नावाच्या वर्कशॉपमधल्या कामगारांनी १८८६ साली आपसांत वर्गणी काढून एक फुटबॉल संघ काढला. तोच हा क्लब. हे फिटर-टर्नर लोकांनी काढलेलं मंडळ होतं, आपल्याकडे गणपतीला काढतात तसं. लंडनचाच दुसरा क्लब वेस्ट हॅम, तोही टेम्स आयर्नवर्क्स या जहाज बांधणाऱ्या कारखान्यातून निघाला. त्या पोराच्या अंगावरची जर्सी एका एमआयडीसीची आहे, असं म्हटलं तरी चालेल.

आता आपली गोष्ट. चिंचवडहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलात तर पिंपरी, कासारवाडी, दापोडी आणि चौथं स्टेशन खडकी. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, म्हणजे वूलिचच्या पोरांनी संघ काढला त्याच्याही सतरा वर्षं आधीचा. तिथून आर्सेनलसारखा क्लब काही निघाला नाही. पण त्या लष्करी वस्तीच्या आसऱ्याने चार भाऊ वाढले: बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. आडनाव पालवणकर. मूळ गाव कोकणातलं पालवण, जात चांभाराची. वडील लष्करी चाकरीत होते, आणि खडकीच्या कारखान्याशीही त्यांचं नाव जोडलं जातं. थोरल्या बाळूचा जन्म १८७६चा, धारवाडचा. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर पोरं खेळायला शिकली.

मास्तरांच्या मुलाने मला विषय दिला होता, दोन महायुद्धांच्या मधला खेळाडू. त्याच्या मनात कोणी इंग्रज फुटबॉलवाला असावा, कारण तो स्वतः रात्री-अपरात्री उठून ते सामने बघतो. मी त्यालाही निराश करणार नाही, एक इंग्रज गडी आज सोबत आणलाय. पण मुख्य माणूस आपला, विठ्ठल पालवणकर. जन्म १८८६, मृत्यू १९७१. आणि विठ्ठलकडे जायचं तर वाट बाळूच्या रोलरवरूनच जाते.

बाळूची पहिली नोकरी पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. काम काय? मैदान झाडायचं आणि खेळपट्टीवर रोलर ओढायचा. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात लागला, एक रुपया वाढला, चार झाले. तिथे रोलर ओढणं, चुन्याने रेघा मारणं, नेट बांधणं, आणि साहेब सरावाला आले की त्यांना बॉल टाकणं. ज्यांनी कधी मैदानावरचा रोलर ओढलाय त्यांना हे सांगायला नको की ते निव्वळ हमालीचं काम नाही. रोलर जड चालतो तिथे माती ओली असते. कुठे दाबली, कुठे नुसती चेपली, कुठे वरून कोरडी आणि खाली गार आहे, हे खांद्याला आणि मनगटाला आधी कळतं, डोळ्याला नंतर. बाळू डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. बॉल कुठे टप्पा खाऊन वळेल, हे खेळपट्टी बघून सांगणारे पुष्कळ असतात. यानं ती स्वतः बनवलेली होती.

क्लबातला सगळ्यात मोठा फलंदाज कॅप्टन ग्रेग. हा इतरांच्या तासभर आधी येऊन बाळूला नेटमध्ये बॉल टाकायला लावायचा. आऊट केलंस की आठ आणे, असा सौदा होता असं सांगतात. दंतकथाही असेल, पण हिशेब बघा. महिन्यातून आठ वेळा उडवला की पगार दुप्पट! हा ग्रेग पुढे लष्कर सोडून कॅथलिक पाद्री झाला, हे जाता जाता सांगतो. शेकडो तास बॉल टाकलेल्या बाळूला मात्र तिथे कुणी एकदाही बॅट हातात दिली नाही. फलंदाजी साहेबाने करायची, नोकराने बॉल टाकायचा. क्रिकेटमधली ही वर्णव्यवस्था विलायतेतून तयार होऊन आली होती, आपण फक्त तिच्यात आपली भर घातली.

ती भर अशी. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि हरवू शकेल असा गोलंदाज गोऱ्यांच्याच मैदानावर रोलर ओढत होता. घ्यावा की न घ्यावा यावर खल झाला, शेवटी घेतला. मैदानावर सगळे एकच बॉल हाताळायचे, तिथे विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र इतर गडी पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घेत, आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवायला बसायचं ते वेगळ्या पानावर. साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना होता, तर त्यांनी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी लोखंडासारखी केली, बाळूची फिरकी चालू नये म्हणून. बाळूने तरी सात बळी घेतले. रोलरवाल्यालाच रोलरने अडवायला निघाले होते!

प्लेगच्या वर्षात तो मुंबईला गेला आणि बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत लागला. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळू आणि शिवराम होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांचा संघ विलायतेला गेला. संघ म्हणून कामगिरी यथातथाच, पण एकट्या बाळूने त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्याचा सत्कार केला, त्याच्याशी तरुण भीमराव आंबेडकरांचं नाव जोडलेलं आहे. ‘लगान’मधला कचरा बघून ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यासाठी हा बाळू.

इतकं सगळं होऊन बाळू हिंदू संघाचा कप्तान कधी झाला नाही. दरवर्षी नाव निघे आणि मागे पडे. कप्तान असत ते मुकुंदराव पै. चांगले फलंदाज आणि त्याहून चांगले गृहस्थ. एका सत्कारात त्यांनी स्वतःच सांगितलं, की हा मान खरं म्हणजे माझ्या मित्राचा, बाळूचा आहे. सभेने टाळ्या वाजवल्या असतील. पुढच्या वर्षी पुन्हा पैच.

मी भोसरीला एका कंपनीत एकतीस वर्षं काढली. नाव घेत नाही, तिच्या पेन्शनवर घर चालतं. ऐंशीच्या दशकात आमच्या कंपनीचा क्रिकेटचा संघ होता, बऱ्यापैकी होता. कप्तान कोण असावा याबद्दल कधी वाद झाला नाही, कारण वाद व्हायला दोन नावं लागतात. कप्तान नेहमी स्टाफमधला. आमच्या वेळेला पर्चेसचे एक साहेब होते. गोरेपान, स्वेटर फार छान घालायचे. स्लिपमध्ये उभे राहायचे आणि कॅच सोडायचे. ग्राइंडिंग सेक्शनमधला एक पोरगा बॉल स्विंग करायचा, अगदी दोन्हीकडे. त्या एका सीझनला त्याच्या बॉलिंगवर साहेबांनी सात कॅच सोडले, मी मोजले होते. लंच ब्रेकमध्ये साहेबांचा चहा कपबशीत आणि आमचा स्टीलच्या ग्लासात. स्पर्धा आम्ही जिंकलो. फोटोत साहेबांच्या हातात ढाल आणि तो पोरगा मागच्या ओळीत, अर्धा झाकलेला. तो टेम्पररी होता. ढाल आल्यावर पंधरा दिवसांनी त्याचे २४० दिवस भरत आले होते, कायम करावं लागू नये म्हणून त्याला ब्रेक दिला. पुढच्या सीझनला परत घेऊ म्हणाले. तोवर तो बारामतीकडे निघून गेला होता.

जात आणि ग्रेड या दोन गोष्टी एकच आहेत, असं मी म्हणत नाही. ग्रेड बदलते, निदान कागदावर तरी. स्टीलच्या ग्लासातला चहा चहाच असतो, त्याने माणूस बाटत नाही. पण कप्तान कोणी व्हायचं हे खेळाआधीच ठरलेलं असतं, ही चव मी चाखली आहे, म्हणून विठ्ठलची गोष्ट मला आतून कळते एवढंच.

विठ्ठल चौघांत धाकटा आणि चौघांत अस्सल फलंदाज. बाळूला बॅट मिळाली नाही, याला मिळाली. १९१३ साली हिंदू संघात चारही भाऊ एकदम खेळले. तेव्हा मुंबईत चौरंगी सामने भरत. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन, धर्मावर चार संघ. आज हे ऐकून आपल्या अंगावर काटा येतो, पण त्या काळी भारतातलं सगळ्यात मोठं क्रिकेट तेच. पूर्वी हे सामने पावसाळ्याच्या अखेरीला भरत, खेळपट्टी ओली असायची, झाकण्याचा प्रश्नच नव्हता. अशा चिकट खेळपट्टीवर बॉल एकदा उसळतो, एकदा सरपटतो. विठ्ठल तिथे शोभून दिसायचा.

पहिलं महायुद्ध संपलं आणि इथून आपल्या विषयाचा काळ सुरू होतो. १९२० साल. चौरंगीच्या पहिल्या सामन्याला पै आजारी. बाळू ४४ वर्षांचा झाला होता, त्याला संघातूनच वगळलं. कप्तानपद गेलं दि. ब. देवधरांकडे. देवधर तेव्हा २८ वर्षांचे, पुण्यातले संस्कृतचे प्राध्यापक, ब्राह्मण. विठ्ठल आणि शिवराम दोघेही त्यांना सीनियर. दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतलं, आणि नुसतं घरी बसले नाहीत. लेखी निवेदन काढलं. आमच्यापेक्षा कनिष्ठ खेळाडूला कप्तान केलं ते जातीमुळे, आणि हा आमचाच नाही तर आमच्या समाजाचा अपमान आहे, असा त्याचा आशय होता.

देवधरांवर इथे फार राग काढायचं कारण नाही. ते थोर खेळाडू, पुढे महाराष्ट्राला त्यांनी १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक मिळवून दिला, तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. प्रश्न निवड समितीचा होता. पण मला यातली खरी मोठी गोष्ट वाटते ती निवेदनाची. १९२० साली रेल्वेत पगार घेणारे चांभाराचे दोन मुलगे मुंबईच्या बड्या जिमखान्याला लिहून कळवतात, की आम्ही खेळत नाही. ते मानधनासाठी अडून बसले नव्हते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसमध्ये गांधीजी अस्पृश्यता गेल्याशिवाय स्वराज्य नाही, हे मांडत होते, त्यामुळे वर्तमानपत्रं या भांडणाकडे बघत होती. समितीला माघार घ्यावी लागली. अंतिम सामन्याला पै परतले, बाळू उपकप्तान झाला, दोघे भाऊ संघात आले. आणि सामना चालू असताना पै काही वेळ मैदान सोडून बाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ कप्तान बाळू. पैंनी हे मुद्दाम केलं, हे सगळ्यांना कळलं. मला त्या गृहस्थाचं फार कौतुक वाटतं, आणि रागही येतो. घटकाभराची कप्तानी! कुणाच्या घरी भाड्याने आणलेल्या खुर्चीवर बसवावं तशी.

१९२१ला युरोपियन जिंकले, १९२२ला पारशी. दोन वर्षं मार खाल्ल्यावर शहाणपण आलं, की लोकांचा रेटा वाढला, दोन्हीही असेल. १९२३ साली हिंदू संघाचा कप्तान म्हणून विठ्ठल पालवणकरचं नाव जाहीर झालं. तो ३७ वर्षांचा होता. अंतिम सामना युरोपियनांशी होता, आणि हिंदू जिंकले. मैदानात लोक घुसले आणि त्यांनी कप्तानाला खांद्यावर घेतलं. त्या खांद्यांत उच्चवर्णीयांचे खांदे होते. ज्या अंगाची सावली नको म्हणायचे, ते अंग खांद्यावर. एका दिवसाचं का होईना, मुंबईने हे बघितलं. विठ्ठलच्या काळात हिंदू १९२३, १९२५ आणि १९२६ असे चार वर्षांत तीनदा जिंकले.

जो आजही क्रिकेटवाले विसरत नाहीत तो दिवस म्हणजे १ डिसेंबर १९२६. विलायतेचा एम.सी.सी.चा संघ आला होता, त्यांनी ३६३ केल्या होत्या. मुंबई जिमखान्यावर हिंदूंकडून सी. के. नायडूंनी ११६ मिनिटांत १५३ धावा काढल्या, अकरा षटकार मारले. ऑफिसं ओस पडली, झाडांवर माणसं चढली. आपल्याला कसोटीचा दर्जा मिळण्याची बोलणी त्या हिवाळ्यानंतर जोरात सुरू झाली. नायडूंचे षटकार सगळ्यांच्या तोंडी आहेत. ते ज्या संघाकडून खेळत होते त्याचा कप्तान कोण होता विचारलं, तर विठ्ठल असं शंभरात एक सांगेल.

आता माझा इंग्रज गडी, एडी हॅपगुड. जन्म ब्रिस्टलचा, १९०८चा. पोरगा दुधाची घोडागाडी हाकायचा. ब्रिस्टल रोव्हर्सने त्याला बोलावलं, पगार चांगला देऊ म्हणाले, पण अट घातली की उन्हाळ्यात, म्हणजे खेळ बंद असताना, क्लबच्या ओळखीच्या माणसाची कोळशाची गाडी हाकायची. हा बिथरला. दूधवाला तो दूधवाला, कोळसेवाल्याच्या पंगतीला बसायचं? नाही म्हणाला. बघा, विलायतेतही गाडी कुठली हाकतो यावर माणूस ठरतो! शेवटी केटरिंग नावाच्या छोट्या क्लबाने दुधाची गाडी चालू ठेवायची मुभा दिली, आणि तिथून १९२७ साली आर्सेनलने त्याला सुमारे ९५० पौंडांना विकत घेतलं. ‘विकत घेतलं’ हा माझा शब्द नाही, त्यांचाच व्यवहार आहे. पैसे क्लबाने क्लबाला दिले.

गडी शाकाहारी होता. तेव्हाचा चामड्याचा फुटबॉल पावसात भिजला की दगड व्हायचा, आणि तो डोक्याने मारला की हा चक्कर येऊन पडायचा. आर्सेनलच्या ट्रेनरने त्याला मांस खायला लावून उभा केला. माळकरी मंडळींनी कान झाकले असतील तर आता उघडा. पुढे तो आर्सेनलचा कप्तान झाला, इंग्लंडचा झाला. तीसच्या दशकात आर्सेनलने पाच वेळा लीग जिंकली, पाचही वेळा हा होता. नोव्हेंबर १९३४ मध्ये जगज्जेत्या इटलीशी लंडनमध्ये हायबरीच्या मैदानावर सामना झाला, त्यात त्याचं नाक फुटलं, इंग्लंड ३-२ने जिंकलं. मे १९३८ मध्ये बर्लिनला खेळायला गेले, तेव्हा सामन्याआधी वरून हुकूम आला की नाझी सलाम करायचा. कप्तान हॅपगुड. मनातून नको होतं, तरी हात वर केला. आणि मग ६-३ने हरवलं.

याला पगार किती असेल? १९२२पासून नियम होता, फुटबॉलवाल्याला सीझनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त आठ पौंड, उन्हाळ्यात सहा. तुम्ही देवाचे अवतार असलात तरी आठ. तेव्हाच्या दराने शंभर-सव्वाशे रुपये, म्हणजे बाळूच्या चार रुपयांपुढे कुबेर. पण स्टेडियममध्ये पन्नास-पन्नास हजार माणसं तिकीट काढून बसायची, ते पैसे कुठे गेले हे खेळाडूने विचारायचं नाही. शिवाय करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. ही पगाराची मर्यादा उठली थेट १९६१ साली. मर्यादा चुकवायची युक्तीही होती. आर्सेनलने १९२९ला अ‍ॅलेक्स जेम्स हा स्कॉटिश खेळाडू घेतला, तेव्हा त्याला लंडनच्या सेल्फ्रिजेस या बड्या दुकानात क्रीडासाहित्य दाखवायची नोकरी लावून दिली, वर्षाला २५० पौंडांची. हे ऐकून आपल्याकडच्या कबड्डीवाल्यांना हसू फुटेल. कंपनीत नावाला हेल्पर, हजेरी मैदानावर. शोध कुणाचा आणि पेटंट कुणाकडे, देव जाणे.

म्हातारपणी हॅपगुड अडचणीत आला. क्लबने कधी आपल्यासाठी मदतीचा सामना ठेवला नव्हता, म्हणून त्याने आर्सेनलला पत्र लिहिलं. त्यांनी तीस पौंड पाठवले. पुढे तो वसतिगृहं सांभाळत राहिला आणि १९७३ साली गेला. विठ्ठलनंतर दोन वर्षांनी.

या दोघांना शेजारी बसवायचं कारण काय? दोघांचाही बहराचा काळ दोन महायुद्धांच्या मधला. दोघेही कप्तान झाले, जिथे त्यांच्या घरातलं कुणी कप्तान होईल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं. आणि दोघांनीही आपली हकीकत स्वतः लिहिली. हॅपगुडचं पुस्तक १९४५चं, विठ्ठलचं १९४८चं, मराठीत, ‘माझे क्रीडा-जीवन’. खेळाडूने आपल्या भाषेत आपला हिशेब मांडावा, हे तेव्हा आपल्याकडे दुर्मीळ होतं, आणि त्यातून हा समाज.

पण फरकही मोठा आहे, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. हॅपगुडला क्लबने पिळलं, पण कप्तान करताना तू गाडी कुठली हाकायचास, हे त्याला कुणी विचारलं नाही. फुटबॉल हा तिकडे कामगारांचाच खेळ होता. क्रिकेटमध्ये मात्र त्यांचीही गंमत होती. तिथे पगारी खेळाडू वेगळे आणि हौशी ‘जंटलमन’ वेगळे, कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायचं फाटकही पुष्कळ ठिकाणी वेगळं. इंग्लंडच्या कसोटी संघाला विसाव्या शतकातला पहिला पगारी कप्तान मिळाला तो १९५२ साली, लेन हटन. आपल्याकडे जातीचा अडसर ओलांडून विठ्ठल कप्तान झाला तो १९२३ला. तेव्हा इंग्रजाने येऊन आपल्याला समता शिकवली, असं कुणी सांगायला लागलं तर ही दोन सालं त्याच्यापुढे ठेवा. आपणही फार पुढारलेले होतो असं मात्र समजू नका. १९३२ला भारताचा पहिला कसोटी संघ विलायतेला निघाला तेव्हा कप्तान नेमले पोरबंदरचे महाराज. का? महाराज होते म्हणून. आपला खेळ त्या तोडीचा नाही हे त्यांना स्वतःलाच कळून चुकलं आणि लॉर्ड्सला कप्तानी नायडूंनी केली, हे त्या महाराजांचे उपकार. विठ्ठल तेव्हा ४६ वर्षांचा होता. कसोटीची टोपी त्याला कधी मिळाली नाही.

बाळूचं पुढे काय झालं हे तुम्ही विचारणार, म्हणून थोडक्यात. १९३२च्या सप्टेंबरात आपल्या येरवड्यात पुणे करार झाला, त्यावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू आहे. १९३७च्या निवडणुकीत मुंबईत तो काँग्रेसकडून थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभा राहिला. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५. ज्याच्या सत्काराशी आंबेडकरांचं नाव जोडलं जातं, तोच समोर. यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल आणि त्यात भांडणंही होतील, म्हणून आज नको. बाळू १९५५ला गेला.

बाळूचा रोलर डोक्यात होता, म्हणून परवा मी गहुंजेला जाऊन आलो, सामना नसताना. एक्स्प्रेस-वेवरून दिसतं तेच स्टेडियम. दुपारी दोन वाजता मैदानावर तीन माणसं होती. एक जण इंजिनाच्या रोलरवर बसलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळून. दुसरा पाइप धरून उभा. तिसरा उकिडवा बसून खेळपट्टीवर बोट खुपसून बघत होता, मग बोटाची माती अंगठ्याने चोळून त्याने हुंगली. याच मैदानावर फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्याला ३३३ धावांनी हरवलं. आपले दोन डाव १०५ आणि १०७. ओकीफ नावाच्या गोलंदाजाने सत्तर धावांत बारा बळी घेतले. डावखुरा फिरकी गोलंदाज! आयसीसीने खेळपट्टीला ‘पुअर’ शेरा दिला, आणि आठवडाभर टीव्हीवर मातीची चर्चा चालली. मी त्या उकिडव्या बसलेल्याला विचारलं, "तेव्हा तुम्ही होतात का?" तो म्हणाला, "मी कंत्राटदाराकडून आलोय साहेब, चार महिने झाले." गाव विचारलं तर उस्मानाबादकडचं निघालं. "बॉलिंग टाकता का?" म्हटलं. तो म्हणाला, "रविवारी, मोशीला. टेनिस बॉलनं."

मला दिलेली वेळ संपली, अध्यक्षांनी घड्याळ दोनदा बघितलंय. विठ्ठलच्या पुस्तकाची झेरॉक्स प्रत मी मागच्या टेबलावर ठेवली आहे, चहाच्या शेजारी. काही पानं पुसट आली आहेत. चाळून बघा, पण घरी नेऊ नका. सेकंड शिफ्टची मंडळी अकरा वाजता सुटतात, त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी ती बघायला येतो म्हणून सांगितलंय, आणि सभागृहाच्या वॉचमननी तोवर दिवा चालू ठेवायचं कबूल केलंय.